दोष पानथरीचा नव्हता

आमचे आप्पा म्हणायचे, आपल्या भागातला माणूस सिकंदराबाद स्टेशनावर उतरला की समजावे, तीनपैकी एका कामाला आला आहे : कोर्ट, लग्नाचा बस्ता किंवा दवाखाना. पुढे १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्रात गेले आणि आमचा बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात. कोर्टाची कामे बंगळूरकडे वळली, बस्ता उदगीर-लातूरला मिळू लागला. दवाखान्याची वाट मात्र तीच राहिली. राज्ये बदलली, पाट्यांवरची अक्षरे बदलली, रोग्यांचा रस्ता बदलला नाही.

मी इतिहासाचा शिक्षक. सनावळ्या पाठ करून घेण्यात माझी तीस वर्षे गेली. आज मात्र लढाया आणि तह बाजूला ठेवून एका दुखण्याचा इतिहास सांगणार आहे. तो आमच्या घरातून गेलेला आहे, म्हणून सांगण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे समजतो.

१९८३ सालचा पावसाळा. माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा अठरा वर्षांचा. मी चौदा. एका संध्याकाळी गोठ्यातून येता येता दादा उंबऱ्याशी बसला आणि भडाभडा रक्त ओकला. एवढे रक्त माणसाच्या पोटात असते हे मी त्या दिवशी पाहिले. आईने देवापुढचा अंगारा लावला. शेजारच्या म्हातारीने करणीची शंका काढली. आणि ओसरीवर जमलेल्या माणसांत कोणीतरी हलक्या आवाजात म्हणाले, "चोरून पीत असंल."

तो एक शब्द आमच्या घराला रक्तापेक्षा जड गेला.

खरे म्हणजे दादाचे पोट डाव्या बाजूला वर्षानुवर्षे टणक लागत असे. आमच्याकडे त्याला पानथरी वाढणे म्हणतात, शेजारचे मुसलमान शिवार तिल्ली म्हणते आणि कानडी माणूस गुल्म म्हणतो. तीन भाषांत तीन नावे, पण औषध एकच : हिवतापाच्या गोळ्या. त्या दादाने लहानपणी पुष्कळ खाल्ल्या. पानथरी काही उतरली नाही.

त्या गोळ्या देणाऱ्याला मी आज दोष देत नाही, कारण त्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांची समजूत होती. उत्तर भारतातल्या कालव्यांच्या काठी हिवताप किती आहे हे मोजण्यासाठी डेम्पस्टर नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८४० नंतरच्या दशकात गावोगावच्या लोकांची पोटे चाचपली होती. जितक्यांची पानथरी हाताला लागेल तितका त्या गावात हिवताप जास्त, असा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. पण त्यातून डॉक्टरांच्या आणि लोकांच्या मनात एक उलटा नियम रुजला, की पानथरी वाढली म्हणजे हिवतापच.

गंमत अशी की हिवतापाचे खरे कोडे सुटले तेही याच सिकंदराबादेत. बेगमपेटच्या जुन्या विमानतळाजवळ एक इमारत आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी तिथे रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या जंतूंचे काळसर ठिपके दिसले. हे डास हुसेन खान नावाच्या रोग्याला चावलेले होते आणि त्या बापड्याला दर डासामागे एक आणा मिळाला होता. रॉसला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानचे नाव इतिहासात राहिले एवढीच त्याची कमाई. आमची मुले सहलीला नेतो तेव्हा मी त्यांना ही इमारत आवर्जून दाखवतो आणि हुसेन खानचे नाव वहीत लिहायला लावतो.

पण प्रत्येक वाढलेली पानथरी डासाच्या खात्यावर टाकता येत नव्हती. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी ग्विदो बांटी या विकृतिशास्त्रज्ञाने १८९४ च्या सुमारास असे रोगी वर्णिले, की ज्यांची आधी पानथरी वाढते, मग अंगातले रक्त कमी होते, मग यकृत कठीण होऊन पोटात पाणी साठते. बांटीने निष्कर्ष काढला की सारा दोष पानथरीचा. ती काढून टाका, रोग जाईल. पुढे कित्येक वर्षे जगभरच्या शस्त्रवैद्यांनी पानथऱ्या काढल्या. काही रोगी बरे वाटून घरी गेले आणि पुढे पुन्हा रक्त ओकत परत आले. चिन्हालाच कारण समजण्याची ही चूक. इतिहासाच्या अभ्यासकाला ती नवीन नाही.

आता मूळ गोष्ट समजून घेऊ. जठर, आतडी आणि पानथरी यांतले रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. ते आधी एका जाड शिरेतून यकृतात जाते. तिथे अन्नातल्या रसांचा साठा होतो, विषारी द्रव्ये गाळली जातात आणि मग रक्त पुढे हृदयाकडे निघते. या शिरेला डॉक्टर पोर्टल व्हेन म्हणतात. लॅटिनमध्ये पोर्टा म्हणजे दार, म्हणून आपण तिला दारशीर म्हणू. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश या दारातून येते. यकृत कठीण झाले किंवा दारशीरच बुजली, तर रक्त मागे तुंबते. तुंबलेल्या रक्ताने पानथरी फुगते. म्हणजे पानथरी ही या गुन्ह्यातली आरोपी नाही, ती मार खाल्लेली साक्षीदार आहे.

ही गोष्ट आमच्या आप्पांना सिकंदराबादेतल्या एका वयस्क शस्त्रवैद्यांनी ज्या रीतीने समजावली ती मी विसरणार नाही. आप्पांना इंग्रजी येत नव्हते, डॉक्टरांना मराठी. मग दोघांची गाठ दखनीत पडली. डॉक्टरांनी कागदावर एक रेघ ओढली आणि म्हणाले, "पाटील, नाले का मूँ बंद हुआ तो पानी चुप बैठता क्या? बाजू के खेत में घुसता." आप्पा शेतकरी. त्यांना एका वाक्यात सगळे कळले. पाटाचे तोंड बुजले की पाणी बांध फोडून भलतीकडे शिरते. तसेच दारशिरेतले तुंबलेले रक्त अन्ननलिकेच्या तळाशी असलेल्या बारीक शिरांत घुसते. त्या शिरा अशा पुरासाठी केलेल्याच नाहीत. त्या पायावरच्या फुगलेल्या शिरांसारख्या गाठाळ होतात आणि एक दिवस फुटतात. दुखत नाही, खुपत नाही. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखा काळा जुलाब हेच पुष्कळदा पहिले लक्षण.

आणि या डॉक्टरांना भेटण्याआधीची हकीगतही सांगितली पाहिजे. त्या रात्री गाडीत दादाचे डोके मांडीवर घेऊन आई बसली होती. सकाळी एका मोठ्या रुग्णालयाच्या दारातच ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने नाडी धरण्याआधी विचारले, "कब से पीता है?" दादाने मान हलवली. डॉक्टरने आप्पांकडे पाहिले. आप्पांनी खाली पाहिले. दादाने तोंडाला थेंब लावला नव्हता. पण बापाने त्या क्षणी मान वर केली नाही, हे दादाने पाहिले.

उरलेले मला लिहिणे जड जाते आहे. रात्री गाडीत सगळे पेंगत असताना मी वाकून दादाच्या तोंडाचा वास घेतला होता. रक्ताखेरीज कसलाही वास नव्हता.

वयस्क डॉक्टरांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला, तोही आईला. "जचकी घर में हुई थी? बच्चे की नाल पकी थी क्या?" आई गप्प झाली. मग म्हणाली, हो, नाळ विळ्याने कापली होती, वर राख लावली होती आणि बेंबी बरेच दिवस चिघळत होती. बेंबीतून निघालेला जंतुदोष नाळेच्या शिरेवाटे दारशिरेपर्यंत पोचतो आणि तिथे रक्त गोठून ती बुजते, असे काही मुलांत घडते. पुष्कळ मुलांत कारण सापडतही नाही. डॉक्टरांनी हेही सांगितले, पण आईने ऐकले ते तिला ऐकायचे तेवढेच. राख मीच लावली, असे ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. त्या काळी साऱ्याच आया तेच करीत, ही समजूत तिला कधी पुरली नाही.

भारताच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पाश्चात्त्य देशांत हा रोग बहुतेक करून दारूने किंवा काविळीच्या विषाणूंनी यकृत सुकल्यामुळे होतो. आपल्याकडे तीही कारणे आहेतच, पण त्याशिवाय यकृत चांगले असूनही दारशीर किंवा तिच्या यकृतातल्या फांद्या बाधलेली मुले आणि तरुण आपल्या डॉक्टरांनी फार पाहिले. तरुणांतल्या या दुसऱ्या प्रकाराला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९६९ सालच्या बैठकीत स्वतंत्र नाव मिळाले : नॉन-सिऱ्हॉटिक पोर्टल फायब्रोसिस. म्हणजे यकृत न सुकता दारशिरेच्या फांद्या जाड होण्याचा रोग. विलायती पुस्तकांत पहिले कारण दारू लिहिले होते. आपल्या वॉर्डातले पोर वेगळेच सांगत होते. पुस्तक बाजूला ठेवून पोराकडे पाहणारे डॉक्टर आपल्या देशात होते, हे मी अभिमानाने सांगतो.

आपल्या पूर्वजांनाही पोटाची ही दुखणी दिसली होती. चरकाने उदररोगांचे आठ प्रकार सांगितले, त्यांत पानथरीमुळे होणारे प्लीहोदर आणि पाण्याने भरणारे उदर ही दोन्ही आहेत. सुश्रुताने पोटातले पाणी छिद्र पाडून काढण्याची जागा सांगितली, आणि सगळे पाणी एकाच दिवशी काढू नये, असा इशाराही दिला. फार पाणी एकदम काढले तर रोगी खचतो, हे आजचे डॉक्टरही जाणतात आणि त्यासाठी वेगळी काळजी घेतात. मात्र पूर्वजांना रक्ताचा प्रवाह आणि त्याचा दाब ठाऊक नव्हता. अभिमान बाळगावा, पण हिशेब चोख ठेवावा, असे मी मुलांना सांगतो.

दाबाचा हिशेब लागायला विसावे शतक उजाडावे लागले. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये व्हिपल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी प्रत्यक्ष दारशिरेतला दाब मोजला आणि तो वाढलेला आढळला. दारशीर आणि यकृताच्या पलीकडची शीर यांच्या दाबांतला फरक निरोगी माणसात पाऱ्याच्या पाच मिलिमीटरपर्यंत असतो. दहाच्या पुढे गेला की अन्ननलिकेत गाठाळ शिरा होऊ लागतात, बाराच्या पुढे त्या फुटण्याचा धोका. पाच आणि बारा. या दोन आकड्यांमध्ये माणसाचा जीव अडकलेला असतो.

दाब उतरवायचा तर तुंबलेल्या पाण्याला दुसरा पाट काढून द्यावा, ही कल्पना त्याही आधीची. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय एक नावाच्या लष्करी शस्त्रवैद्याने १८७७ मध्ये आठ कुत्र्यांची दारशीर खालच्या मोठ्या शिरेला जोडून पाहिली. सात कुत्री आठवड्याच्या आत मेली. आठवे अडीच महिने जगले आणि पळून गेले. पुढे १८९३ मध्ये पावलॉव्हने अशीच कुत्री पाळली. त्यांना मांस खायला घातले की ती भ्रमिष्टासारखी वागत, गुंगीत जात. कारण उघड होते. यकृताची गाळणी चुकवून रक्त सरळ पुढे गेले की आतड्यांतली विषे मेंदूपर्यंत जातात. पाट काढावा तर गाळणी चुकते, न काढावा तर बांध फुटतो. १९४५ पासून व्हिपल आणि ब्लेकमोर यांनी माणसांवर या शस्त्रक्रिया पद्धतशीर सुरू केल्या, त्यांनाही हाच पेच पडला.

ज्यांचे यकृत मुळात धडधाकट आहे अशा दादासारख्या रोग्यांना हा पाट बहुधा मानवतो. वयस्क डॉक्टरांनी दादाची फुगलेली पानथरी काढली आणि तिची शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जोडून दिली. सकाळी आत नेलेला दादा दुपार कलल्यावर बाहेर आला. त्याला आप्पांचे आणि चुलत्यांचे रक्त चढले. त्या काळी रक्तातला हिपॅटायटिस सी तपासणे शक्यच नव्हते, कारण तो विषाणूच १९८९ साली सापडला. दादा त्यातूनही सुखरूप सुटला. नशीब हा शब्द इतिहासात वापरू नये म्हणतात, पण मला दुसरा सुचत नाही.

पोट न उघडता रक्त थांबवण्याचे प्रयत्नही समांतर चालू होते. १९३९ मध्ये स्वीडनच्या क्रॅफूर्ड आणि फ्रेंकनर यांनी सरळ धातूची नळी घशातून घालून फुगलेल्या शिरेत औषध टोचले. ते औषध होते क्विनीन, आमच्या हिवतापाचेच! १९५० मध्ये सेंग्सटाकेन आणि ब्लेकमोर यांची फुगा असलेली नळी आली. ती अन्ननलिकेत फुगवून फुटलेली शीर दाबून धरायची. रोग्याचे हाल होत, पण जीव वाचे. १९५७ मध्ये हिर्शोविट्झने काचतंतूंची लवचिक दुर्बीण दाखवली आणि पोटात डोकावणे सोपे झाले. १९८१ मध्ये फ्रान्सच्या लेब्रेकने दाखवले की प्रोप्रॅनोलॉल ही हृदयविकाराची साधी, स्वस्त गोळी दारशिरेचा दाब उतरवते आणि पुन्हा रक्त जाणे कमी करते. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्टीगमनने मूळव्याधीच्या कोंबाला रबराचे कडे घालतात तसे दुर्बिणीतून या शिरांना घालायला सुरुवात केली. कड्याने शीर आवळली जाते, वाळते, गळून पडते. आजही रक्त थांबवण्याचा मुख्य उपाय तोच आहे. जठरातल्या मोठ्या शिरांसाठी एक प्रकारचा डिंक टोचतात. एवढ्यानेही न भागल्यास मानेच्या शिरेतून तार नेऊन यकृताच्या आत जाळीची नळी बसवतात, म्हणजे न कापता पाट काढतात. आणि यकृतच संपले असेल तर यकृतरोपण. एके काळी अशा पहिल्या रक्तस्रावात जवळजवळ निम्मे रोगी दगावत, आज सहा आठवड्यांत दगावणाऱ्यांचे प्रमाण साधारण सहांत एक इतके खाली आले आहे.

या साऱ्यात आमच्या वाटेवरचे शहर मागे राहिले नाही. दुर्बिणीच्या उपचारांत हैदराबादच्या डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांचे नाव जगभर झाले, त्यांना २०२५ साली पद्मविभूषण मिळाले. आणि मला त्याहून मोठी वाटते ती १९९७ सालची गोष्ट. त्या वर्षी हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या संस्थेने हिपॅटायटिस बी ची देशी बनावटीची लस बाजारात आणली आणि परदेशी लशीची श्रीमंती मक्तेदारी मोडली. काविळीचा हा विषाणू यकृत सुकवण्याचे एक मोठे कारण. आता ही लस सरकारी लसीकरणात फुकट मिळते. पहिला डोस बाळाच्या जन्मानंतर चोवीस तासांत. ज्या गावात नाळेला राख लागत होती त्याच गावात आज ही लस टोचली जाते, हे पाहायला आई हवी होती.

दादाच्या लग्नाची गोष्ट राहिली. त्याची पहिली सोयरीक मोडली. पलीकडच्या मंडळींना कोणीतरी सांगितले, मुलगा पितो, पिऊन रक्त ओकला होता. पोटावरचा व्रण हाच पुरावा. पुढे एकतिसाव्या वर्षी त्याचे लग्न झाले, संसार झाला, आज त्याला नातू आहे. पण आप्पा गेले तोवर बापलेकांत एक न बोललेली गोष्ट राहून गेली.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत सातवीतली एक मुलगी प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली आणि काळपट रक्त ओकली. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज झाली, "बाप पितो तिचा." बाप पीत होता हे खरे. पण रक्त मुलीच्या तोंडून आले होते. मी तिला कुशीवर निजवायला सांगितले, तोंडाने पाणीही देऊ दिले नाही, आणि मिळेल त्या गाडीने दुर्बिणीची सोय असलेल्या दवाखान्यात पाठवले. तिथून ती हैदराबादला गेली. तीन-चार खेपांत कडी घालून तिच्या शिरा बुजवल्या. ती दहावी झाली.

ही हकीगत मी घरी सांगितली तेव्हा दादा बराच वेळ सुपारी कातरत बसला होता. मग म्हणाला, "तू गाडीत माझ्या तोंडाचा वास घेतलास ते मला कळलं होतं. मी जागा होतो."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी कसाबसा म्हणालो, "दादा, तू पीत नव्हतास, हे मला तेव्हाच कळलं."

तो म्हणाला, "आणि पीत असतो तर? तर रक्त थांबवायचं नव्हतं का?"

माझ्या एम.ए.च्या पदवीत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. चाळीस वर्षे मी एकाच गोष्टीचा राग धरून होतो, की माझ्या निर्व्यसनी भावावर खोटा आळ आला. आळ खरा असता तरी तो प्रश्न नाडी धरल्यानंतर विचारायचा होता, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आमच्या भागात दारूने यकृत सुकलेली माणसे आहेत. साखरेच्या आजाराने आणि वाढत्या चरबीने यकृत बिघडलेली आहेत, काविळीची आहेत, आणि काहीच न केलेलीही आहेत. पोटात पाणी, वाढलेली पानथरी, काळा जुलाब ही लक्षणे त्यांतली बरीचशी माणसे लपवतात. घाबरतात ती रोगाला नाही, ओसरीवरच्या माणसांना. आणि रक्त पडू लागले की तासांचा हिशेब असतो.

म्हणून वाचकहो, यंदाच्या दिवाळीत ओसरीवर बसाल आणि कोणाच्या दुखण्याची गोष्ट निघेल, तेव्हा कारण शोधण्याची घाई करू नका. पानथरीला दोष देणाऱ्या बांटीसारख्या विद्वानालाही कारण सापडले नव्हते. आधी गाडी काढा. सिकंदराबादची वाट आपल्याला पाठ आहे.